पुठ्ठा कोरडा आहे

१९ ऑक्टोबर, रविवार

आजपासून वही. आसेंग काका म्हणाले, इंजिन उघडणाऱ्याने सगळं लिहून ठेवावं. कुठला बोल्ट कुठून काढला, कधी काढला. नाहीतर शेवटी मूठभर बोल्ट हातात उरतात आणि माणूस देवळाकडे बघत बसतो.

तर प्रॉब्लेम असा आहे. बाबांची पांढरी गाडी एकोणतीस वर्षांची आहे. ताईपण. ताई मार्चमध्ये जन्मली, गाडी जूनमध्ये आली. त्या वर्षी तळ्यातल्या मासळीला भाव चांगला होता, असं बाबा दोघींबद्दल बोलताना न चुकता सांगतात. गेला महिनाभर गाडीखाली रोज सकाळी ओलं असतं. काल मी माशांच्या खाद्याचा खोका फाडून पुठ्ठा खाली सरकवला. आज सकाळी त्यावर बशीएवढा गुलाबी डाग. गुलाबी म्हणजे कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी. डाग पुलीच्या बाजूला, म्हणजे वॉटर पंप. मला खूप आनंद झाला. आईला दाखवलं. ती म्हणाली, "पुसून घे."

ताईचं लग्न २२ नोव्हेंबरला आहे. लग्नात तिने काहीच मागितलं नाही. हॉल, कपडे, फोटो, वाटायचे केक, सगळं ग्वोतोंग भावोजींच्या घरच्यांनी ठरवलं. तिची एकच अट: मी घरातून निघेन ती बाबांच्या गाडीतून. भावोजींच्या आई हो म्हणाल्या, कारण त्यांच्याकडच्या पाच गाड्या आणि आमची एक मिळून सहा होतात आणि सहा हा आकडा शुभ. पण त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. नवरीची गाडी वाटेत थांबायला नको. आणि मागे वळायला नको. १६ तारखेला त्या स्वतः बघायला येणार. तेव्हा एक थेंब जरी गळला तरी ताई त्यांच्या काळ्या गाडीतून जाईल.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "होऊन जाईल."

मी आजपर्यंत पंप बदललेला नाही. व्हिडिओ बारा बघितले आहेत.

२० ऑक्टोबर, सोमवार

आसेंग काकांच्या शेडमधून हत्यारं आणली. काका तळ्यांच्या मोटरी आणि स्कूटर दुरुस्त करतात, गाड्या पूर्वी करायचे. मी त्यांना व्हिडिओ दाखवला.

"हा कोण रे?"

"अमेरिकेतला आहे काका, फेमस आहे."

"ह्याचे हात एवढे स्वच्छ कसे?"

मी फोन खिशात ठेवला.

काकांनी डॅशबोर्डवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं. मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून. मी सायन्सचा माणूस आहे, माझा विश्वास नाही. तारीख बघून घेतली, पुढच्या जूनपर्यंत चालेल. आणि हिरवंच आहे, चालू सिग्नलसारखं. पिवळं मी ठेवू दिलं नसतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

क्रँक पुलीचा बोल्ट निघत नाही. काल दिवसभर नाही, आज दिवसभर नाही. सक्तीच्या लष्करी सेवेत मी बुटांची लेस सोडून काही सोडवलं नव्हतं, हे आता जाणवतंय.

ताई कामावरून आली. ती गावोगावच्या तळ्यांचं पाणी तपासते, तिच्या बॅगेत कायम बाटल्या खुळखुळतात. ती माझ्या शेजारी उकिडवी बसली.

"लुन, हा पंप नक्की करतो काय?"

मी समजावलं. इंजिन गरम होतं, पंप पाणी फिरवतो, रेडिएटरमध्ये पाणी थंड होतं. पंप गेला की पाणी एकाच जागी उकळत बसतं.

"म्हणजे फिरलंच नाही तर इंजिन जळतं."

"करेक्ट."

"बाहेरून दिसतं का ते?"

"काटा वर जातो. पण काट्याकडे लोक बघतच नाहीत ताई. लोक पत्रा बघतात."

तिने टॉर्च उचलला. मग इंजिनावर उजेड टाकून म्हणाली, "दाखव मला, कुठे कुठे काय आहे ते." ताईला इंटरेस्ट आहे! एवढ्या वर्षांत मला कळलंच नव्हतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बोल्ट निघाला. बाबांनी तळ्याच्या पाण्यात हवा मिसळणाऱ्या चक्राचा एक लांब पाइप आणला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि एका पायाने दाबला. 'टक' असा आवाज आला. बाबा म्हणाले, "जोर नाही लावायचा, लांबी लावायची," आणि पाइप घेऊन परत गेले. एकूण चाळीस सेकंद. माझे दोन दिवस मी वहीत 'तयारी' म्हणून लिहिणार आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

टायमिंग बेल्ट काढला. काढण्याआधी खुणा जुळवून पांढऱ्या रंगाने ठिपके दिले. जुना पंप दिसला. त्याच्या खालच्या भोकातून गुलाबी ओघळ सुकून मीठ धरल्यासारखा झाला होता. एकदम पुस्तकातल्यासारखा. मी त्याचे अकरा फोटो काढले.

पाच बोल्ट निघाले, सहावा तुटला. अर्धा माझ्या हातात, अर्धा इंजिनात.

नेमके त्याच वेळी भावोजी पेरू घेऊन आले. त्यांच्या घरचा कांगशानला बोल्टचा कारखाना आहे. त्यांनी तुटलेला तुकडा हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "हा बोल्ट नाही, हा नुसता बोल्टच्या आकाराचा आहे." मग खिशातून पट्टी काढून मोजला. भावोजी मला मनापासून आवडतात. लग्नाला निघालेल्या किती माणसांच्या खिशात मोजपट्टी असते?

जेवताना ताईच्या पत्राचा विषय निघाला. डोंगरापलीकडे, तैतुंगकडच्या छंगकुंग बंदरावर समुद्री जिवांचं संशोधन केंद्र आहे, तिथे तिची निवड झाली आहे. २४ नोव्हेंबरला हजर व्हायचं. तिने दोन वर्षांपूर्वी परीक्षा दिली होती, आम्ही सगळे विसरूनही गेलो होतो.

भावोजी म्हणाले, "वाईट नाही. पण आत्ता फॅक्टरीच्या ऑफिसला माणूस हवाय. सहा महिने बघ, मग बोलू."

"सहा महिने जागा ठेवतील का ते?" ताईने विचारलं.

"नाही ठेवली तर दुसरी येईल की."

आईने ताईच्या वाटीत माशाचा पोटाकडचा तुकडा घातला. "खा."

मला भावोजींचं म्हणणं प्रॅक्टिकल वाटलं. मी तसं म्हणालोसुद्धा. ताईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू तुझा बोल्ट बघ."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आसेंग काकांनी तुटका बोल्ट काढून दिला. त्यावर एक नट वेल्ड केला आणि फिरवला. मी म्हणालो, व्हिडिओत असं नव्हतं. काका म्हणाले, "व्हिडिओत तू पण नव्हतास."

भावोजींकडून कुरिअर आलं. मला सहा बोल्ट हवे होते. त्यांनी पाचशे पाठवले. वर चिठ्ठी: 'सर्वांत वरचा ग्रेड. हे तुटणार नाहीत. गाडी तुटेल.'

२ नोव्हेंबर, रविवार

नवा पंप आला. नवा बेल्ट आला. मी तयार. पण आई पंचांग घेऊन आली.

आईचं म्हणणं, लग्नाच्या गाडीत नवीन भाग बसवायचा तर चांगली वेळ बघूनच. ८ तारखेला सकाळी नऊ ते अकरा. त्या दोन तासांत पंप बसला पाहिजे, पाणी भरलं पाहिजे, इंजिन सुरू झालं पाहिजे. नंतरची वेळ जमीन खणायला आणि माणूस पुरायला चांगली आहे, पंपाला नाही.

मी म्हणालो, "आई, इंजिनाला पंचांग कळत नाही."

"इंजिनाला नसेल कळत. तिच्या सासूला कळतं."

आईने आज परात पण काढून घासली. नवरीची गाडी निघाली की मागे परातभर पाणी ओतायचं असतं, म्हणजे मुलगी तिकडची झाली, तिने आता परत यायचं नाही. आई अंगणात ओतायची प्रॅक्टिस करत होती. पाणी एकदम जातं की सांडत सांडत जातं ते बघत होती. मी तिला सांगितलं, माझा कूलंट गुलाबी आहे ते बरं. नाहीतर गाडी निघाल्यावर रस्त्यावरचं पाणी तुझं की पंपाचं हे कळलं नसतं. आईने परात पालथी घातली आणि आत गेली.

८ नोव्हेंबर, शनिवार

नऊ वाजता सुरू. गॅस्केट, वर सीलंटची पातळ रेघ, पंप, सहा बोल्ट, सगळे भावोजींचे. मग बेल्ट, खुणा जुळवल्या, दोनदा फिरवून बघितलं. १०:४० ला कूलंट भरला. १०:५३ ला इंजिन सुरू. आईने टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, "आवाज बरा आहे." हे बाबांचं भाषण होतं.

११:२० ला पुठ्ठ्यावर एक थेंब. ११:२५ ला चार.

सीलंटच्या नळीवर लिहिलं आहे: लावल्यावर एक दिवस पाणी भरू नये. मी ते वाचलं होतं. आठवड्याभरापूर्वीच वाचलं होतं. पण अकरानंतर वेळ चांगली नव्हती.

आसेंग काका येऊन बघून गेले. "काय इंजिनिअर, मुहूर्त गळतोय?"

१६ तारखेला आठ दिवस राहिले. सगळं परत उघडायचं. ताईची एक अट आणि ती माझ्यामुळे मोडणार. जेवलो नाही. ताईने खोलीच्या दारात भाताचा बाऊल आणून ठेवला.

"लुन, होणार आहे ना हे?"

"काळी गाडी काही वाईट नाही ताई. एसी चांगला आहे तिचा."

"मला काळी नको." इतक्या जोरात म्हणाली की मी उठून बसलो. मग हळू म्हणाली, "दुसरं काहीच मागितलं नाही रे मी."

उद्या सकाळी सहाला सुरू करतो. पंचांगात काय आहे ते बघणार नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

काल सगळं उघडलं. जुन्या सीलंटचा कण न् कण खरवडला. ताईला सुट्टी होती, आजचीही तिने घेतली, आणि अर्धं काम तिनेच केलं. पाण्याच्या नमुन्यांमुळे तिचा हात स्थिर आहे, माझा नाही. रेघ तिनेच ओढली. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने कसायचे, हे तिला एकदाच सांगावं लागलं. आज दिवसभर सीलंट वाळू दिला. आम्ही दोघं गाडीसमोर स्टुलावर बसून होतो. काही करायचं नव्हतं तरी बसलो.

तिने खूप प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली आणि इथे पण लिहून ठेवतो, कारण प्रश्न खरंच चांगले होते.

काटा वर गेला तर? एसी बंद, हीटर चालू, बाजूला थांब.
झाकण कधी उघडायचं? हाताला गार लागेल तेव्हाच.
सलग पाच तास चालली तर? पंप चांगला असेल तर पाच काय, दहा.
घाटात? काटा एखादी रेघ वर जाईल, उतारावर खाली येईल.
किती सामान झेपेल? हे मला माहीत नव्हतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कूलंट भरला, हवा काढली, इंजिन सुरू केलं. अर्धा तास. एक तास. पुठ्ठा कोरडा.

सामानाची टेस्ट पण केली. मागे खाद्याची पाच पोती, दीडशे किलो, आणि बंधाऱ्यावरून बाबांच्या तळ्यांना तीन चकरा. काटा मध्यावर. ताई चालवत होती. तिला गाडी ह्याच बंधाऱ्यावर बाबांनी शिकवली होती, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पाणी, चुकायला जागाच नाही. खरं तर एवढं सामान न्यायचं नाहीये. भावोजींकडे सगळं आहे. पण ताई म्हणाली, माहीत असलेलं बरं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लग्नाचे केक वाटले, म्हणजे आमंत्रणच. स्कूटरवरून, एकशे चाळीस खोके. मोठ्या आत्याने खोका उघडून लगेच खाल्ला आणि म्हणाली गोड कमी आहे.

ताई उरलेल्या खोक्यांना रिबन बांधत होती. "लुन, वाटलेले केक परत घेतात का रे कुणी?"

"खाल्लेले कसे परत घेणार?"

"हो, तेही खरं."

तिला लग्नाचं टेन्शन आलंय. मी विषय बदलला आणि तिला थर्मोस्टॅट समजावून सांगितला.

१६ नोव्हेंबर, रविवार

पास!

भावोजींच्या आई आल्या, सरळ गाडीकडे गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि पंपाखाली टिश्यू फिरवला. टिश्यू कोरडा. पुठ्ठा कोरडा. एवढं बघून त्या म्हणाल्या, "ठीक आहे. फक्त वाटेत थांबू नका."

मी म्हणालो, "काकू, ही गाडी आता थांबायची नाही."

सोबत आलेल्या भावोजींनी ताईला फॅक्टरीच्या ऑफिसमधल्या तिच्या टेबलाचा फोटो दाखवला. खिडकीजवळ आहे. खिडकीतून गोदाम दिसतं. टेबल मोठं आहे.

आईने पंखा पण दाखवला. लाल, घडीचा. निघताना नवरी तो खिडकीतून खाली टाकते, आपला राग-रुसवा माहेरी ठेवून जाते. धाकट्या भावाने तो उचलायचा. म्हणजे मी. सोपं काम आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

परवा लग्न. एकच गोष्ट राहिली आहे. पंप बसल्यावर गाडी लांब नेऊन आणली पाहिजे. बंधाऱ्यावरच्या चकरा ही काही टेस्ट नाही. जेवताना मी हे सांगितलं. मला उद्या देवळात आणि मंडपवाल्याकडे जायचंय, म्हणजे वेळ नाही.

ताई म्हणाली, "मी नेते. उद्या दुपारी मोकळी आहे."

"नवरी?" आई म्हणाली. "आदल्या दिवशी?"

"जाऊ दे," बाबा म्हणाले. ते ताटाकडे बघत होते. "चालवते चांगली."

"किती लांब नेऊ?" ताईने मला विचारलं.

"जितकी लांब नेशील तितकी खात्री."

मी तिला कागदावर लिहून दिलं. दर चाळीस किलोमीटरला फोन करायचा: वेळ, किलोमीटर, काटा.

जेवण झाल्यावर गाडीकडे गेलो तर बाबा तिथेच. टाकी फुल करून आणली होती. डिकीत पाण्याचा मोठा कॅन ठेवत होते, वर जुनं ब्लँकेट. मी म्हणालो, "बाबा, कूलंट भरलेला आहे, पाणी कशाला?" ते म्हणाले, "असू दे." मग हिरव्या पाकिटावरची तारीख त्यांनी पण बघितली. बाबा कधी अशा गोष्टी मानत नाहीत. लग्नघरात माणसं हळवी होतात बहुतेक.

डिकीत ताईचा मायक्रोस्कोप आणि बाटल्यांच्या पेट्या आधीच होत्या. टेस्टसाठी वजन म्हणून ठेवल्या असणार. चांगलं डोकं लावलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जसं घडलं तसं लिहितो.

१२:३०. ताई निघाली. आई भाजी निवडत होती. तिच्या पाठीला ताईने हात लावला आणि म्हणाली, "येते." बाबा तळ्यावर होते. गाडी बंधाऱ्याजवळून गेली तेव्हा तिने हॉर्न वाजवला. बाबांनी हात वर केला. मी घड्याळात बघितलं, नोंद केली.

गाडी गेल्यावर पुठ्ठा उचलायला गेलो. पुठ्ठा कोरडा. त्यावर लाल पंखा पडला होता. उद्या टाकायचा होता. गाडीतून घसरला असेल. उचलून देवघरात ठेवला.

१:२०. फोन. चाळीस किलोमीटर. काटा मध्यावर.

२:१०. नव्वद. काटा मध्यावर. किनाऱ्याच्या रस्त्याने फेऱ्या मारत असणार. मी मंडपवाल्याकडे होतो, त्याला पण सांगितलं.

३:१५. एकशे चाळीस. मध्यावर. आवाजात वारा होता. मी म्हणालो, "ताई, पुरे झालं, टेस्ट पास." ती म्हणाली, "अजून थोडी खात्री करते."

४:२०. फोन. "लुन, सलग चढ आहे, अर्ध्या तासाचा. काटा एक रेघ वर गेला. आता उतार लागला, परत मध्यावर आला. तू म्हणाला होतास तस्साच."

मी अक्षरशः उडी मारली. स्वयंपाकघरात पळालो आणि आईला सांगितलं. एकोणतीस वर्षांची गाडी, अर्धा तास चढ, फक्त एक रेघ!

आईच्या हातात सुरी होती. ती खाली ठेवून तिने विचारलं, "कुठला चढ?"

"म्हणजे?"

"आपल्याकडे चढ कुठे आहे?"

आमच्याकडे चढ नाही. आमच्याकडे तळी आहेत, मिठागरं आहेत आणि समुद्र आहे. बंधारा सोडला तर गुडघ्याएवढी उंच गोष्ट नाही. चढ सगळा दक्षिणेला, फांगल्याओच्या पुढे, जिथून रस्ता डोंगर ओलांडून तैतुंगकडे जातो. तैतुंगकडे छंगकुंग आहे, ताईचं केंद्र आहे.

मी हे सगळं तोंडाने बोलत होतो की मनात, आठवत नाही. आई स्टुलावर बसली.

आम्ही फोन केला. उचलला नाही. बाबा तळ्यावरून आले, पाय धुतले आणि विचारलं, "गळतंय का?"

"नाही बाबा."

"काटा?"

"मध्यावर."

"मग ठीक आहे." मग म्हणाले, "डोंगरापलीकडे वारा फार असतो. तिला सांग, काचा लावून चालव."

आई बाबांकडे बघत राहिली. बराच वेळ.

६:५०. फोन. मी उचलला. दोनशे ऐंशी किलोमीटर. काटा मध्यावर. ती थांबून थांबून रडत होती आणि तरी तिने सगळे आकडे माझ्या कागदाप्रमाणे क्रमाने सांगितले. मी लिहून घेतले. मग तिने आईला द्यायला सांगितलं. मी फोन आईला दिला आणि बाहेर आलो.

ग्वोतोंग भावोजींना तिने वाटेतच फोन करून लग्न होणार नाही असं सांगितलं होतं. चढ लागायच्या आधी. त्यांना भावोजी म्हणायचं की नाही, माहीत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळपासून आई फोनवर. हॉलवाल्याला, मंडपवाल्याला, आत्याला. आत्या म्हणाली, तरीच केकला गोडी नव्हती.

दहा वाजता ग्वोतोंग आले. एकटे, काळ्या गाडीतून. कोट नव्हता, फॅक्टरीचा शर्ट होता. आई आत गेली. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि खूप खाली वाकले. ते पण वाकले. दोघंही लवकर वर उठेनात. मग बाबांनी चहा ओतला आणि दोघांनी तो संपवला.

जाताना ते गाडीच्या रिकाम्या जागेपाशी थांबले. पुठ्ठा तिथेच होता.

"बोल्ट कुठले लावलेस?"

"तुमचेच. सहाही."

"आवळले कुणी?"

"ताईने."

त्यांनी मान हलवली. "मग ती थांबणार नाही वाटेत." खिशातली पट्टी चाचपली, काढली नाही. गाडीत बसले आणि गेले.

उरलेले चारशे चौऱ्याण्णव बोल्ट मी त्यांना परत द्यायला हवे होते. तेव्हा सुचलं नाही.

परात कालपासून अंगणात भरून ठेवलेली होती. दुपारी आई बाहेर आली. मला वाटलं ती रस्त्यावर ओतेल, गाडी नसली तरी, रीत म्हणून. तिने परात उचलली, फाटकापर्यंत गेली आणि परत आली. मग वाटीवाटीने ते सगळं पाणी मिरचीच्या रोपांना घातलं. थेंबसुद्धा रस्त्यावर गेला नाही.

पंखा देवघरात आहे. कुठे ठेवायचा ते आईला विचारलं. ती म्हणाली, "तिच्या खोलीत."

२९ नोव्हेंबर, शनिवार

आसेंग काकांची हत्यारं परत दिली. काका म्हणाले, "काय इंजिनिअर, गाडी दुरुस्त केली आणि गाडीच गेली." मी म्हणालो, "हो, पण चालत गेली." पहिल्यांदाच काका माझ्यावर हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात तळ्याची मोटर उघडायला बोलावलं आहे.

ताईचा मेसेज आला. फोटो पाठवलाय. तिचा नाही, पुठ्ठ्याचा. केंद्राच्या मागे गाडी लावते, रोज सकाळी पुठ्ठा बघते. आठ दिवस झाले, पुठ्ठा कोरडा आहे.

बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, अजून मोठा केला. एका कोपऱ्यात ताईची चप्पल आली आहे आणि पायाची दोन बोटं. बाबा तिथेच बघत राहिले.

मी म्हणालो, "डाग नाहीये बाबा. खरंच कोरडा आहे."

"बघतोय," बाबा म्हणाले. फोन लवकर परत दिला नाही.